आधी वाक्य, मग वेण्या

अगं, दप्तरातून आलेला तो स्पिरिट वीकचा कागद वाचून तू किती गांगरलीस, ते फोनवर तुझ्या आवाजावरूनच कळलं मला. सोमवारी पजामा डे, मंगळवारी क्रेझी हेअर डे, बुधवारी हॅट डे, गुरुवारी ट्विन डे आणि शुक्रवारी शाळेच्या रंगाचे कपडे. अमेरिकेत येऊन अजून तुमच्या बॅगा धड रिकाम्या झाल्या नाहीत, चिऊ किंडरगार्टनमध्ये नुकती कुठे रुळतेय, आणि त्यात हे! आपल्या वेळी रिबिनीचा रंग चुकला तरी बाई वर्गाबाहेर उभं करायच्या. इथे शाळाच सांगते की केस हवे तसे वेडेवाकडे बांधून पाठवा. गोंधळ होणारच. स्वयंपाकाच्या घाईत फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून निवांत लिहितेय. चहा घेऊन बस आणि वाच.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. या दिवसांचा चिऊला खरा उपयोग एकच आहे: दुसऱ्या मुलांना तिच्याशी बोलायला निमित्त मिळतं, आणि तिला उत्तर द्यायला विषय मिळतो. पाच वर्षांचं मूल एकदम नव्या भाषेच्या वर्गात जाऊन बसलं की बरेचदा गप्प होतं. सगळं ऐकतं, मनात साठवतं, पण तोंड उघडत नाही. काही मुलांचं हे काही आठवडे चालतं, काहींचं काही महिने. इथल्या शिक्षकांना हे चांगलं ठाऊक असतं, त्यामुळे ‘ती वर्गात बोलत नाही’ असं बाईंनी सांगितलं तर लगेच धसका घेऊ नकोस. अशा मुलांना आकडे जमतात, चित्रं जमतात, रांगेत उभं राहणं जमतं. अडतं ते बोलायला सुरुवात कुठून करायची इथे. आणि क्रेझी हेअर डेला वेणीत पाच रंगांच्या रिबिनी दिसल्या की शेजारची मुलगी आपणहून म्हणते, ‘आय लाइक युअर हेअर!’ सुरुवात झाली. आता चिऊकडे उत्तराचं एक वाक्य तयार हवं.

म्हणून माझा नियम लक्षात ठेव: आधी वाक्य, मग वेण्या. आदल्या दिवशी संध्याकाळी पोशाख शोधायला दहा मिनिटं दे आणि वाक्याच्या खेळाला पंधरा. तू वर्गातली मुलगी हो, तिला चिऊच राहू दे. तू विचार, ‘हू डिड युअर हेअर?’ तिने म्हणायचं, ‘माय मॉम डिड इट. आय लाइक युअर्स टू.’ मग अदलाबदल करा. बाबाला बाई करा. तीन-चारदा हसतखेळत झालं की वाक्य तिच्या जिभेवर बसतं. पाठांतराला बसवू नकोस, चुकलं तर दुरुस्त करत बसू नकोस. दुसऱ्या दिवशी ती ते बोलेलच असंही नाही. पण आपल्याजवळ उत्तर आहे एवढ्या धीरावर मूल मान वर करून वर्गात जातं.

आणि एक सांगते, वाक्य इंग्रजीत शिकवायचं म्हणून घरातलं मराठी कमी करू नकोस. प्रवेश घेताना घरी कोणती भाषा बोलता हे शाळेने विचारलं होतं ना? ते इंग्रजीसाठी जास्तीची मदत लागेल का हे पाहण्यासाठी. मराठी लिहिलंस ते अगदी योग्य केलंस. चाचणी घेऊन शाळा तिला गरज असेल तर इंग्रजीची वेगळी शिकवणी देईल, ते त्यांचं काम आहे. तुझं काम, घरी तिच्याशी भरपूर बोलणं. शाळेत दिवसभर कान देऊन दमलेल्या पोरीला घरी आल्यावर मनातलं सगळं भडाभडा सांगायला स्वतःची भाषा लागते.

आता वर्ष कसं सरकतं ते सांगते, म्हणजे दर आठवड्याला नवा धक्का बसणार नाही. बहुतेक राज्यांत शाळेचे साधारण १८० दिवस असतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरुवात, मे-जूनमध्ये शेवट. सुरुवातीलाच पिक्चर डे येतो, फोटोचे पैसे आगाऊ मागणारा फॉर्म घरी येतो. फोटो विकत घेतलाच पाहिजे असं नाही, पण वर्गाच्या फोटोत चिऊ असेलच. ऑक्टोबरात रेड रिबन वीक आणि हॅलोवीन, डिसेंबरात पुन्हा एकदा पजामा डे, जानेवारी-फेब्रुवारीत शाळेचा शंभरावा दिवस, १४ फेब्रुवारीला व्हॅलेंटाइन्स डे, मार्चमध्ये वाचनाचा आठवडा, मे महिन्याच्या पहिल्या पूर्ण आठवड्यात शिक्षकांचे आभार मानायचा आठवडा, आणि शेवटी मैदानी खेळांचा फील्ड डे. मध्येच दोनदा-तीनदा स्पिरिट वीक. बऱ्याच शाळांत दर शुक्रवारी शाळेच्या रंगाचा टी-शर्ट घालतात, त्यावर शाळेचा गरुड नाहीतर वाघ नाहीतर अस्वल असतं. तेवढा एक टी-शर्ट मात्र घेऊन टाक, आणि दोन मापं मोठा घे.

यातल्या काही दिवसांमागे खरी कारणं आहेत. ती तुला माहीत असली की चिऊला मराठीत समजावून सांगता येतात, आणि कारण कळलेलं मूल त्या दिवशी नुसतं सजून जात नाही, त्यात सामील होतं. रेड रिबन वीक बघ. एन्रिके ‘किकी’ कामारेना हे अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्यातले अधिकारी. १९८५ साली मेक्सिकोत त्यांचं अपहरण करून त्यांना मारलं गेलं. त्यांच्या गावच्या लोकांनी त्यांच्या आठवणीसाठी लाल फिती लावल्या, १९८८ पासून तो आठवडा देशभर पाळला जाऊ लागला, दरवर्षी २३ ते ३१ ऑक्टोबर. पाच वर्षांच्या मुलीला खुनाची हकिगत सांगायची गरज नाही. ‘एका चांगल्या पोलिसकाकांची आठवण म्हणून लाल घालायचं, आणि कुणीही अनोळखी गोळी-औषध दिलं तर खायचं नाही,’ एवढं तिला पुरे. ऑक्टोबरातच एका दिवशी नारिंगी कपडे घालायला सांगतील. तो युनिटी डे, कुणी कुणाला त्रास देऊ नये, चिडवू नये म्हणून.

मार्चच्या २१ तारखेला दोन पायांत दोन वेगळे मोजे घालायला सांगतील. तो जागतिक डाउन सिंड्रोम दिन, संयुक्त राष्ट्रं २०१२ पासून पाळतात. डाउन सिंड्रोममध्ये पेशीतल्या २१ व्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती असतात, म्हणून तिसऱ्या महिन्याची २१ तारीख. गुणसूत्रांचा आकार मोज्यांच्या जोडीसारखा दिसतो, म्हणून मोजे. वर्गात किंवा शाळेत असं एखादं मूल असू शकतं. चिऊला सांग, ‘काही मुलांना शिकायला थोडा जास्त वेळ लागतो, त्यांच्याबरोबर आपण खेळायचं.’ त्या दिवशी तिला ‘व्हाय आर युअर सॉक्स डिफरंट?’ असं कुणी विचारलं तर तिच्याकडे सांगण्यासारखं काही असेल. विचार कर, ज्या मुलीला स्वतःला भाषेमुळे वेगळं वाटतंय, तिला त्या दिवशी दुसऱ्या कुणाची बाजू घेता येते. केवढी मोठी गोष्ट आहे ती!

वाचनाचा आठवडाही असाच. २ मार्च हा डॉक्टर स्यूस यांचा जन्मदिवस, १९०४ चा. शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९८ पासून त्या दिवसाच्या निमित्ताने देशभर वाचनाचा उत्सव सुरू केला. अलीकडे त्या संघटनेचा भर निरनिराळ्या समाजांतल्या, भाषांतल्या मुलांच्या पुस्तकांवर आहे. त्या आठवड्यात आवडत्या पुस्तकातलं पात्र होऊन यायला सांगतात, आणि आया दुकानात जाऊन राजकन्येचा झगा विकत आणतात. तू तसं करू नकोस. तिला माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ आवडतं ना? मग साधा फ्रॉक, दोन वेण्या आणि हातात ते पुस्तक. वाक्य: ‘आय ॲम राधा. धिस बुक इज इन मराठी.’ पुस्तक उघडून दाखवलं की मुलं अक्षरांभोवती गोळा होतात. मी हे माझ्या धाकट्याच्या वर्गात पाहिलंय. मुलं विचारतात, माझं नाव असं लिहिता येईल का? आणि ज्याला कालपर्यंत कुणी हाक मारत नव्हतं, त्याच्यापुढे सगळे कागद घेऊन उभे राहतात.

आता तुझ्या कागदावरचे दिवस एकेक करून बघू. पजामा डेला खरोखर झोपायचेच कपडे चालतात, पण शर्ट-पायजमा असा दोन भागांचा घाल. लांब झबल्यात तिला मैदानावर पळता येणार नाही. पायात मात्र नेहमीचे बूटच हवेत, त्या दिवशीही खेळाचा तास असतो. क्रेझी हेअर डेला काही विकत आणू नकोस. रिबिनी, रंगीत रबरबँड, लोकर, कागदाची फुलं, एवढ्यात भागतं. केसांवर फवारायचा रंग आणू नकोस, तो उशीला लागतो आणि तिच्या डोक्याला खाजही सुटू शकते. हॅट डेला आबांची पांढरी टोपी आणली आहेस ना सोबत? ती घालून जाऊ दे, तिला आवडत असेल तर. ‘धिस इज माय ग्रँडपाज कॅप.’ आणि आबांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठव, त्यांचा आठवडा आनंदात जाईल. या सगळ्या दिवसांना मार्क नसतात, सजून आलं की नाही याची हजेरी नसते. एखादा दिवस राहून गेला तर शिक्षिका आपल्याजवळची कागदाची टोपी नाहीतर स्टिकर देऊन वेळ निभावून नेते. एखादा दिवस तुमच्या घराला पटत नसेल तर साधे कपडे घालून पाठवणंही पूर्ण मान्य असतं.

जपून राहायचा दिवस एकच, तो ट्विन डे. त्या दिवशी दोघी-तिघींनी सारखे कपडे घालून जुळ्या बहिणी व्हायचं असतं. ज्या मुलीला अजून मैत्रीणच नाही, तिने जुळं कुणाशी व्हायचं? बाकी सगळ्या दिवशी मूल एकटं सहभागी होऊ शकतं, या दिवशी जोडीदार लागतो, आणि नव्या मुलांना हा दिवस फार बोचतो. तेव्हा तो नशिबावर सोडू नकोस. आत्ताच वर्गशिक्षिकेला दोन ओळी लिही: ‘चिऊ नवीन आहे. ट्विन डेला तिच्याबरोबर कोण जोडी करेल, हे तुम्ही सुचवू शकाल का?’ शिक्षिकांना असे निरोप मनापासून आवडतात. त्यांना आधीच कळतं की लक्ष कुणाकडे द्यायचं. त्या एखाद्या मुलीच्या आईला विचारतील, किंवा सगळ्या वर्गानेच निळा टी-शर्ट घालायचा असं ठरवतील. बसथांब्यावर जी आई तुला पाहून हसते ना, तिलाही थेट विचार. पांढरा टी-शर्ट आणि जीन्स सगळ्यांच्या घरी असते. आणि त्या जोडीदार मुलीचं नाव चिऊला आदल्या दिवशी दहादा म्हणायला लाव. नावाने हाक मारता येणं ही मैत्रीची पहिली पायरी.

नावावरून आठवलं. चिऊचं शाळेतलं नाव शिक्षिका चुकीचं उच्चारत असतील तर संकोच न करता सांग. मोबाइलवर तुझ्या आवाजात उच्चार रेकॉर्ड करून पाठव. आणि चिऊलाही शिकव: ‘प्लीज से इट लाइक धिस.’ मूल पहिल्यांदा स्वतःच्या नावासाठी बोललं की पुढे पुष्कळ गोष्टींसाठी बोलतं.

व्हॅलेंटाइन्स डेचं नाव ऐकून तुझ्या नवऱ्याच्या भुवया वर जातील, पण प्राथमिक शाळेत तो निव्वळ मैत्रीचा दिवस असतो. शिक्षिका वर्गातल्या सगळ्या मुलांच्या नावांची यादी पाठवतात आणि प्रत्येक मूल प्रत्येकासाठी एकेक छोटं कार्ड आणतं. कुणालाही वगळायचं नाही हा नियम. ही यादी जपून ठेव, सोनं आहे ते. कार्डांवरची नावं चिऊला स्वतःच्या हाताने लिहू दे. रोज चार-पाच, आठवडाभर. अक्षर वेडंवाकडं येऊ दे. लिहिताना प्रत्येक नावाला विचार, ‘हा कुठे बसतो? हिला काय आवडतं?’ आठवडा संपेतो तिला सगळा वर्ग नावानिशी पाठ झालेला असेल, आणि तुलाही.

शाळेचा शंभरावा दिवस तर मला सगळ्यात आवडतो. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतो. किंडरगार्टनच्या वर्षात मुलांना शंभरपर्यंत एकेक करून आणि दहादहाच्या उड्या मारत मोजता यावं अशी अपेक्षा बहुतेक राज्यांच्या अभ्यासक्रमात आहे. त्याचाच हा उत्सव. घरून शंभर वस्तू आणायच्या असतात. लोक दुकानातून मणी आणतात. तू टिकल्यांची पाकिटं काढ. दहा रांगा, प्रत्येक रांगेत दहा टिकल्या, जाड कागदावर चिकटवू दे तिला. दर रांगेला रंग बदल, म्हणजे दहा-वीस-तीस म्हणत बोट फिरवता येतं. गणितही झालं आणि वाक्यही झालं: ‘दीज आर टिकलीज. माय मॉम वेअर्स देम.’ त्या दिवशी मुलं शंभर वर्षांच्या म्हाताऱ्यांसारखी सजूनही येतात, काठ्या टेकत, कंबर धरून. चिऊला आपल्या पणजीसारखं सजव. अंबाडा, चष्मा, खांद्यावर शाल. पणजीने किती मुलं वाढवली, किती कोस चालत पाणी आणलं, ते रात्री गोष्टीसारखं सांग. मग ती वाकून चालण्याची नक्कल न करता पणजीसारखी ताठ बसून दाखवेल.

सप्टेंबरात बऱ्याच शाळा आजी-आजोबांचा दिवसही करतात. अमेरिकेत १९७८ पासून लेबर डेनंतरचा पहिला रविवार आजी-आजोबांसाठी राखलेला आहे. इथे जवळ आजी-आजोबा नाहीत म्हणून चिऊला घरी ठेवू नकोस. शिक्षिकेला विचार, आईआबांनी पाठवलेला एक मिनिटाचा व्हिडिओ दाखवता येईल का. किंवा शेजारच्या कुणा आजींना घेऊन जा. शाळा त्याला आनंदाने हो म्हणतात.

आता खाण्याबद्दल नीट ऐक, कारण इथे भावनेच्या भरात चालत नाही. वर्गात एखाद्या मुलाला शेंगदाण्याची किंवा दुधाची इतकी तीव्र ॲलर्जी असू शकते की जिवावर बेतेल. २००४ च्या कायद्याने पाकीटबंद खाण्यावर आठ पदार्थ स्पष्ट लिहिणं बंधनकारक झालं: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले जलचर, बदाम-काजूसारखी कवचाची फळं, शेंगदाणे, गहू आणि सोयाबीन. १ जानेवारी २०२३ पासून त्यात नववा आला, तीळ. म्हणजे आपला तिळगूळ, तिळाचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की हे वर्गात पाठवायचं नाही. कितीही वाटलं तरी. वाढदिवसालाही आधी शाळेचा नियम विचार. पुष्कळ शाळा घरी केलेलं काहीच घेत नाहीत, घटकांची यादी छापलेलं बंद पाकीटच घेतात, किंवा खाणं नकोच म्हणतात. पेन्सिली, खोडरबर, स्टिकर कधीही चालतात. चिऊला कसली ॲलर्जी असेल तर डॉक्टरांचं पत्र देऊन शाळेकडे लेखी योजना माग. १९७३ च्या अपंगहक्क कायद्याच्या कलम ५०४ खाली तो तिचा हक्क ठरू शकतो.

मग संक्रांत, दिवाळी वर्गात न्यायचीच नाही का? न्यायची, आणि जोरात न्यायची. फक्त हाताने करण्यासारखं काही घेऊन जायचं. संक्रांतीला कागदाचे पतंग. दिवाळीला घोटीव कागदाचा आकाशकंदील, कडा आधी कापून नेल्या तर अर्ध्या तासात सगळ्यांचा होतो. ठिपक्यांच्या रांगोळीचा कागद आणि खडू. पणत्या बॅटरीच्या, ज्योत शाळेत चालत नाही. शिक्षिकेला तीन-चार आठवडे आधी विचारून वेळ ठरव. आणि एक मर्यादा लक्षात ठेव. सरकारी शाळेत सणाबद्दल सांगता येतं, मुलांकडून पूजा-प्रार्थना करून घेता येत नाही. १९६३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ही रेघ आखली आहे, आणि ती सगळ्याच धर्मांना सारखी लागू आहे. म्हणून बोलण्याची पद्धत अशी ठेव: ‘आमच्या घरी आम्ही असं करतो.’ न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना २०२४ पासून दिवाळीची सुट्टी मिळू लागली, त्यासाठी २०२३ मध्ये राज्याने कायदा केला. तुमच्या गावी सुट्टी नसेल, पण वर्गाचा अर्धा तास नक्की मिळेल.

मात्र हे सगळं चिऊला विचारून. शाळेने आपापल्या पोशाखाचा कल्चर डे ठेवला तर परकर-पोलकं घालायचं की नाही हे तिला ठरवू दे. काही मुलांना मिरवायला आवडतं, काहींना सगळ्यांसारखं दिसण्यातच निवांत वाटतं. पाचव्या वर्षी हौसेने नऊवारी नेसलेली मुलगी दहाव्या वर्षी ‘नको’ म्हणेल. त्यात आपल्या संस्कृतीचा अपमान नाही, तिच्या वयाची गरज आहे. जबरदस्ती केलीस तर परकर आणि लाज यांची गाठ तिच्या मनात कायमची बसेल. आणि कधी डब्यावरून, कपाळावरच्या टिकलीवरून, बोलण्यावरून कुणी हसलं तर ‘दुर्लक्ष कर’ म्हणून सोडून देऊ नकोस. तिचं पूर्ण ऐक, तारीख लिहून ठेव, त्याच दिवशी शिक्षिकेला कळव. शाळेत समुपदेशक असतात, त्यांच्यापर्यंत जायला लाजू नकोस. त्यासाठीच ते आहेत.

आता तुझ्याबद्दल. वर्गाला मदतीसाठी पालक हवेत असा निरोप येईल, ऑनलाइन यादी येईल, आणि ‘माझं इंग्रजी कच्चं आहे’ म्हणून तू तो बाजूला सारशील. मी ओळखते ना तुला! अगं, इथल्या पालक-शिक्षक संघाची सुरुवातच आयांनी केली. ॲलिस मॅक्लेलन बर्नी आणि फीबी ॲपर्सन हर्स्ट या दोघींनी १८९७ मध्ये वॉशिंग्टनला मातांची राष्ट्रीय परिषद भरवली, तिचाच पुढे पीटीए झाला. त्यामुळे त्या दारातून आत जायला आईला इंग्रजीची परीक्षा लागत नाही. बोलावं न लागणारी कामं पुष्कळ असतात. कागद कापणं, चिकटवणं, बुक फेअरला पुस्तकं मांडणं, फील्ड डेला पाण्याचे पेले भरणं. आधी ओळखपत्र देऊन पोलिसांकडची नोंद तपासण्याचा फॉर्म भरावा लागतो, त्याला कधी कधी काही आठवडे लागतात. म्हणून तो या आठवड्यातच भर. वर्गात एक तास बसलीस तरी तुला कळेल की चिऊ कुणाच्या शेजारी बसते, कोण तिचा हात धरतं, ती कुठे अडते. आणि मग संध्याकाळच्या वाक्यांत खरी नावं येतील.

तिथे तुलाही हाच नियम उपयोगी पडेल हं. जाण्याआधी स्वतःसाठी एक वाक्य तयार ठेव. ‘हाय, आय ॲम चिऊज मॉम. वी जस्ट मूव्ह्ड फ्रॉम सातारा.’ पुढचं समोरची बाई विचारते. या देशात अनोळखी माणसाशी चार शब्द बोलायला कुणाला कमीपणा वाटत नाही, त्याचा फायदा घे.

पैशांचं स्पष्ट सांगते. शाळेसाठी पैसे जमवायला मुलांना पळवतात ती फन रन, चॉकलेट विक्री, बुक फेअर, संघाची वर्गणी, यातलं काहीही सक्तीचं नाही. झेपेल तेवढं द्यावं, न झेपल्यास सरळ नाही म्हणावं. फन रनमध्ये पैसे न देणाऱ्या घरची मुलंही पळतातच. बुक फेअरला चिऊच्या हातात एका पुस्तकापुरते पैसे दे आणि तिला स्वतः निवडू दे. खेळणी आणि चकचकीत पेनांपुढे ती अडकेल, त्यासाठी घरीच ठरवून पाठव की पैसे पुस्तकाचे. स्पिरिट डेसाठी वर्षभरात नवा कपडा शाळेच्या टी-शर्टाखेरीज लागता कामा नये. वर्गातल्या बाकीच्या आया इंटरनेटवर बघून काय काय करतील, ते बघून मन खट्टू करून घेऊ नकोस. मुलं कारागिरी बघत नाहीत. त्यांना आपल्यात कोण खेळायला येतंय एवढंच दिसतं.

आणि शेवटचं, संध्याकाळचा प्रश्न बदल. ‘आज शाळेत काय केलंस?’ विचारलं की मूल ‘काही नाही’ म्हणतं. ‘तुझ्या वेण्या कशा वाटल्या सगळ्यांना?’ विचारलंस तर लक्ष वेण्यांवरच राहील. तू विचार, ‘आज तुझ्याशी कोण बोललं? तू कुणाशी बोललीस?’ सुरुवातीला ती मान हलवेल. मग एखादं नाव येईल. ते नाव फ्रिजवर लावलेल्या कागदावर तिच्यासमोर लिही. दुसऱ्या दिवशी त्याच नावाबद्दल विचार. अशी तीन-चार नावं जमली की त्यातल्या एकीला शनिवारी घरी खेळायला बोलाव, तिच्या आईला खाण्याचं पथ्य विचारून. वर्षअखेरीला तुला कुठला वेश चांगला झाला हे आठवणारही नाही, आणि आठवायची गरजही नाही. त्या कागदावर किती नावं झाली, त्यावरून वर्ष कसं गेलं ते कळेल.

एवढं सगळं एकदम करू नकोस. या आठवड्यात तीनच कामं: शिक्षिकेला ट्विन डेबद्दल दोन ओळी, मदतनीस पालकाचा फॉर्म, आणि रोज रात्री वाक्याचा खेळ. इंग्रजीत लिहिताना अडलीस तर मला पाठव, मी बघून देईन. पण पाठवायचं तुझ्या नावाने, तुझ्याच शब्दांत. ऊठ, आधी शिक्षिकेला लिही. गुरुवार लांब नाही.